पेटंट काढलं म्हणजे धंदा झाला का? रेल्वेतल्या दोन संशोधकांची गोष्ट



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेलं सगळं इथे सविस्तर लिहितोय. विषय आहे पेटंट. पण सुरुवात कायद्याच्या कलमांपासून नको, एका माणसापासून करू.

नाशिकच्या बॅचला एक तरुण आला होता. स्वतःचं छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप. त्याने कांदा प्रतवारीच्या यंत्रात एक बदल केला होता, ज्यामुळे कांद्याची साल कमी सुटायची. डोकं छान चालवलं होतं. सोसायटीचं कर्ज काढून त्याने तीन यंत्रं बनवली आणि एका कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला. गर्दी झाली, लोकांनी फोटो काढले, व्हिडिओ काढले, कार्ड नेली. सहा महिन्यांनी शेजारच्या तालुक्यात तेच यंत्र, तोच बदल, आठ हजारांनी स्वस्त विकायला आलं. याची तीनातली दोन यंत्रं अजून शेडमध्येच उभी.

सेशन संपल्यावर त्याने विचारलं, "सर, पेटंट काढलं असतं तर मी वाचलो असतो का?"

मी म्हटलं, "अर्धा वाचला असतास." उरलेला अर्धा का नसता वाचला, ते सांगायला मला सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत जावं लागेल. तेव्हा विजेचं युग नुकतंच सुरू झालं होतं आणि रेल्वे, ट्राम, कारखाने यांच्यासाठी रोज कोणी ना कोणी नवीन यंत्र घेऊन पेटंट ऑफिसच्या दारात उभं असायचं. आजच्या स्टार्टअपसारखीच धांदल समजा.

आधी एक गैरसमज काढून टाकू

पेटंट म्हणजे धंद्याचं लायसन्स नव्हे, बक्षीस नव्हे आणि विक्रीची हमी तर अजिबात नव्हे. पेटंट म्हणजे ठरावीक वर्षांसाठी दुसऱ्याला अडवण्याचा हक्क. तुमच्या परवानगीशिवाय तुमची युक्ती कोणी बनवू नये, विकू नये, एवढंच. बदल्यात तुम्ही ती युक्ती कशी चालते हे सगळ्या जगाला लिहून द्यायचं. शेताला कुंपण घातल्यासारखं आहे हे. कुंपणामुळे जनावरं आत येत नाहीत. पण आत पेरायचं काय आणि बाजारात विकायचं कोणाला, हे कुंपण ठरवत नाही.

ग्रॅनव्हिल वुड्स: लढाई जिंकली, पण…

ग्रॅनव्हिल वुड्स हा कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधक. जन्म १८५६ चा. लहानपणीच शाळा सुटली, मशीन शॉपमध्ये काम केलं, रेल्वेत नोकरी केली, बोटीवर इंजिनिअर म्हणून राहिला. म्हणजे आपल्या भाषेत, हात काळे करून शिकलेला माणूस. पुढे ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात त्याने स्वतःचं काम सुरू केलं. १८८५ मध्ये त्याने एकाच तारेवरून तार आणि आवाज दोन्ही पाठवण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळवलं आणि ते अमेरिकन बेल टेलिफोन कंपनीला विकलं.

त्याचं सगळ्यात गाजलेलं काम रेल्वेचं. त्या काळी गाडीने स्टेशन सोडलं की पुढचं स्टेशन येईपर्यंत तिचा कोणाशी संपर्क नसायचा. पुढे रूळ खचलाय, समोरून दुसरी गाडी येतेय, हे ड्रायव्हरला कळायचा मार्गच नव्हता. स्टेशनात तारयंत्र होतं, पण धावत्या गाडीला तार जोडणार कशी?

वुड्सचं उत्तर होतं, जोडायचीच नाही. एका तारेतला प्रवाह कमीजास्त झाला की जवळच्या दुसऱ्या तारेत, स्पर्श न होता, प्रवाह उमटतो. याला इंडक्शन म्हणतात. आज तुमचा वायरलेस चार्जर याच तत्त्वावर चालतो. वुड्सने डब्याला तारेचं वेटोळं बसवलं आणि ते रुळाशेजारून जाणाऱ्या तारेच्या जवळून धावेल अशी रचना केली. गाडी पळतेय आणि तारेचे संदेश मधल्या हवेतून आत-बाहेर जातायत.

आता गंमत बघा. हीच कल्पना त्याच वेळी ल्युशियस फेल्प्स नावाच्या संशोधकालाही सुचली होती. एडिसनही याच प्रश्नावर काम करत होते. पेटंट ऑफिसपुढे वाद उभा राहिला की आधी कोणाला सुचलं? तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात आधी अर्ज कोणी केला यापेक्षा आधी शोध कोणी लावला याला महत्त्व होतं. वुड्सने आपली जुनी रेखाटनं काढली, साक्षीदार उभे केले आणि ही कल्पना आपल्याकडे आधीपासून होती हे सिद्ध केलं. निकाल त्याच्या बाजूने लागला. २९ नोव्हेंबर १८८७ रोजी त्याला पेटंट मिळालं, क्रमांक ३,७३,९१५.

बड्या लोकांसमोर एका कृष्णवर्णीय कारागिराने, त्या काळात, कागदपत्रांच्या जोरावर जिंकलेली ही लढाई आहे. नुसती ऐकली तरी छाती फुलते.

पण आता उद्योजक म्हणून पुढचा प्रश्न विचारा. विकली किती?

धावत्या गाडीतली तारव्यवस्था १८८७ मध्ये लीहाय व्हॅली रेल्वेवर बसली खरी, पण ती फेल्प्स आणि एडिसन यांच्या पेटंटवर उभ्या राहिलेल्या कंपनीची होती. तांत्रिकदृष्ट्या ती चालली. तरी पसरली नाही. कारण प्रवाशांना धावत्या गाडीतून तार करायची तेवढी गरजच वाटली नाही, आणि रेल्वे कंपन्यांना त्यासाठी एवढा खर्च करायचा नव्हता. ज्या कल्पनेसाठी वर्षानुवर्षं भांडण चाललं, तिला गिऱ्हाईकच कमी निघालं! वाद जिंकलेल्याचीही विक्री झाली नाही आणि हरलेल्याचीही फार चालली नाही.

वुड्स थांबला नाही. विजेच्या ट्राम, रुळाशेजारून वीजपुरवठा, ब्रेक अशी चाळीसहून अधिक पेटंटं त्याने मिळवली. पण पैशाची बाजू कायम लंगडी राहिली. न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या भांडवलावर त्याने विजेच्या रेल्वेचं काम केलं. मग हक्क कोणाचे यावरून वाद झाला. आपल्या पेटंटवर डल्ला मारला जातोय, असा जाहीर इशारा त्याने छापला, तर कंपनीच्या माणसांनी उलट त्याच्यावरच बदनामीचा खटला भरला. १८९२ सालची ही गोष्ट. जामिनाचे पैसे नव्हते म्हणून माणूस तुरुंगात बसला. शेवटी निर्दोष सुटला, पण गेलेले दिवस कोण परत देणार?

नंतरच्या काळात त्याने आपली पेटंटं जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाऊस एअर ब्रेक अशा मोठ्या कंपन्यांना विकली. ३० जानेवारी १९१० रोजी न्यूयॉर्कमध्ये तो गेला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला १९७५ साल उजाडावं लागलं.

यात त्याच्या हुशारीत काही कमी होती का? नाही. वर्णभेदाच्या काळात भांडवलदार, बँक, वकील यांची दारं त्याच्यासाठी फारशी उघडत नव्हती, हे मोठं कारण आहेच. ते विसरून "त्याला धंदा जमला नाही" असं म्हणणं अन्याय होईल. पण आपल्यासाठी धडा असा, की त्याच्याकडे कुंपण होतं, मात्र कुंपणाच्या आतल्या पिकाचा हिशोब दुसऱ्यांच्या हातात होता.

फ्रँक स्प्रेग: आधी गिऱ्हाईक पकडलं

वुड्सपेक्षा एक वर्षाने लहान फ्रँक स्प्रेग. नौदल अकादमीत शिकलेला, थोडा काळ एडिसनकडे नोकरी केलेला. त्याला अनेक दारं उघडी होती हे मान्य. तरी त्याने केलं काय ते बघण्यासारखं आहे.

१८८४ मध्ये त्याने स्वतःची मोटर कंपनी काढली. त्या वेळी शहरांतल्या ट्राम घोडे किंवा खेचरं ओढायची. जनावरं आजारी पडायची, चारा लागायचा, रस्ते घाण व्हायचे. म्हणजे त्रास सगळ्यांना माहीत होता आणि त्या त्रासावर रोज पैसा खर्च होत होता. हे वाक्य अधोरेखित करा. गिऱ्हाईक आधीपासून पैसे मोजत होतं, फक्त ते खेचरांवर मोजत होतं.

१८८७ मध्ये त्याने व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराचं काम घेतलं. सुमारे १२ मैल मार्ग, ४० गाड्या, वीजघर, तारा, सगळं उभं करायचं. रक्कम १,१०,००० डॉलर, आणि तीही गाड्या नीट चालून दाखवल्या तरच. अट अशी की वाचून वकिलाला घाम फुटावा. त्यात सुरुवातीलाच स्प्रेगला टायफॉइड झाला. रूळ खराब, चढ जबरदस्त, काही ठिकाणी दहा टक्क्यांचा.

पहिल्या चाचण्यांमधला एक प्रसंग त्याने स्वतःच सांगून ठेवलाय. रात्री चढावर गाडी बंद पडली. भोवती बघे जमले. स्प्रेगने मोठ्याने आपल्या माणसाला सांगितलं, किरकोळ बिघाड आहे, जा, उपकरणं घेऊन ये. आणि स्वतः गाडीत आडवा झाला. गर्दी कंटाळून पांगली. मग अंधारातून "उपकरणं" आली, चार धट्टीकट्टी खेचरं! त्यांनीच ती विजेची गाडी ओढून नेली.

हसू येतं ना? पण असला प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकावर आलाय. डेमोच्या दिवशीच मशीन बंद पडतं.

स्प्रेगने प्रश्न एकेक करून सोडवले. मोटर कुठे बसवायची हा मोठा प्रश्न होता. डब्यात बसवली तर खड्ड्यांत चाकांशी जुळणी बिघडते, चाकाच्या आसावर घट्ट बसवली तर हादऱ्यांनी मोडते. त्याने मोटरची एक बाजू आसावर टेकवली आणि दुसरी स्प्रिंगवर लटकवली. त्यामुळे गिअर जुळलेले राहतात आणि धक्का स्प्रिंग खाते. याचं त्याने पेटंट घेतलं आणि ही पद्धत पुढे जगभर पसरली.

फेब्रुवारी १८८८ मध्ये गाड्या सुरू झाल्या. या एका कामात त्याला सुमारे ७५,००० डॉलरचा तोटा झाला. पण बॉस्टनच्या ट्राम कंपनीचे प्रमुख हेन्री व्हिटनी बघायला आले. त्यांना शंका होती, एकाच जागी खूप गाड्या अडकल्या आणि एकदम सुटल्या तर वीज पुरेल का? स्प्रेगने वाद घातला नाही. रात्री २२ गाड्या एकामागे एक रांगेत लावल्या आणि एकदम सोडल्या. दिवे मंद झाले, पण गाड्या निघाल्या. बॉस्टन विजेवर आलं. दोन-तीन वर्षांत शंभरहून अधिक ठिकाणी स्प्रेगच्या पद्धतीची कामं उभी राहिली किंवा ठरली, आणि १८९० मध्ये एडिसन जनरल इलेक्ट्रिकने त्याची कंपनी घेतली.

रिचमंडचा तोटा ही त्याची जाहिरात होती. पण हे वाचून उद्या कोणी तोट्यात ऑर्डर घेऊ नका हां! एकाच, सगळ्यांना दिसणाऱ्या ठिकाणी, किती तोटा सोसायचा हे ठरवून त्याने तो जुगार खेळला. तरीही तो बुडता बुडता वाचलाय.

आपल्या लोकलमध्ये बसलेलं पेटंट

त्याचं पुढचं काम तर तुम्ही रोज वापरता. तेव्हा लांब गाडी ओढायची म्हणजे पुढे एक जड इंजिन लागायचं. स्प्रेगने म्हटलं, डब्यांनाच मोटरी बसवू आणि सगळ्या मोटरींना एकच माणूस हुकूम देईल. जड प्रवाह ज्याच्या त्याच्या डब्यात, आणि पूर्ण गाडीभर फक्त हुकमाची बारीक तार. म्हणून डबे वाढवले की ताकदही वाढते, आणि गाडी फिरवायला इंजिन पुढून मागे न्यावं लागत नाही. याला मल्टिपल युनिट म्हणतात. जुलै १८९७ मध्ये चाचणीच्या वेळी त्याने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला कंट्रोलवर बसवून गाडी चालवायला लावली. "चालवायला सोपं आहे" हे हजार शब्दांत सांगण्यापेक्षा हे बरं. शिकागोच्या उन्नत रेल्वेने ही पद्धत घेतली.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर, म्हणजे तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी सुटली. आजही मुंबईच्या लोकलला वेगळं इंजिन नसतं. मोटरमन पुढे बसतो आणि मधल्या डब्यांतल्या मोटरी त्याचा हुकूम ऐकतात. दादरला गाडी बदलताना एकदा आठवा.

पैसे एकरकमी घ्यायचे की रॉयल्टी?

कारखान्यांच्या बाजूचं एक उदाहरण घेऊ. तुमच्या वर्कशॉपमधली थ्री फेज मोटर ज्या तत्त्वावर चालते, त्याची पेटंटं निकोला टेस्ला यांना १ मे १८८८ रोजी मिळाली. त्यांनी कारखाना काढला नाही. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांच्या कंपनीशी करार केला. काही रक्कम आणि वर दर हॉर्सपॉवरमागे अडीच डॉलर रॉयल्टी. आज जगात किती हॉर्सपॉवरच्या मोटरी फिरतायत, विचार करा!

पण पुढे वेस्टिंगहाऊस कंपनी पैशाच्या अडचणीत आली, रॉयल्टीचं ओझं जड झालं आणि टेस्लांनी ती अट सोडून दिली. १८९७ मध्ये २,१६,००० डॉलर एकरकमी घेऊन विषय संपला.

यातून काय घ्यायचं? रॉयल्टीचा आकडा कितीही गोड असो, देणारा टिकला तरच ती मिळणार. म्हणून करारात थोडी रक्कम आधी, दरवर्षीची किमान रक्कम आणि न दिल्यास हक्क परत, या तीन गोष्टी लिहून घ्या. तोंडी काही नाही. पेटंटचे हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर आपल्या कायद्यातही लेखी करार लागतोच.

आता तुम्ही काय करायचं?

१. आधी अर्ज, मग प्रदर्शन. वुड्स जुन्या रेखाटनांवर जिंकला, पण भारतात आज ते चालणार नाही. इथे आधी अर्ज करणाऱ्याला प्राधान्य आहे. आणि तुम्हीच तुमची युक्ती आधी जगाला दाखवली, तर "नवीन काय आहे?" असं म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. सरकारने खास अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना थोडी सवलत आहे, पण आपलं तालुक्याचं प्रदर्शन त्यात बसतं असं धरून चालू नका. रील टाकण्याआधीही हाच विचार करा.

२. प्रोव्हिजनल अर्जाचा उपयोग करा. यंत्र पूर्ण झालं नसलं तरी कल्पनेचं नीट वर्णन देऊन तारीख पकडता येते. मग पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाची मूळ फी १६०० रुपये आहे. परीक्षणाची फी वेगळी, एजंटची वेगळी. भरण्यापूर्वी ताजे दर पेटंट कार्यालयाच्या साइटवर बघा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीचं कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे.

३. त्या १२ महिन्यांत गिऱ्हाईक शोधा. हा खरा मुद्दा आहे. अर्ज झाला की बिनधास्त दहा लोकांना दाखवा. "छान आहे" म्हणणारे मोजू नका, ॲडव्हान्स देणारे मोजा. दहातला एकही देत नसेल, तर पुढचा खर्च करायचा का ते शांतपणे ठरवा.

४. भागीदाराशी हक्काचं आधी बोला. पैसे त्याचे, डोकं तुमचं, तर पेटंट कोणाच्या नावावर? वाद झाल्यावर हा प्रश्न विचारायचा नसतो. वुड्सचं उदाहरण समोर ठेवा.

५. सगळ्याच गोष्टींना पेटंट लागत नाही. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं, आणि ते जिवंत ठेवायला ठरावीक वर्षांनंतर नूतनीकरणाची फी भरावी लागते. ज्या मालाची फॅशन दोन वर्षांत बदलते, तिथे चांगलं नाव, ट्रेडमार्क आणि तत्पर सर्व्हिस जास्त कामाची.

त्या तरुणाचं काय झालं?

मी त्याला खरं तेच सांगितलं. प्रदर्शनात दाखवलेला बदल आता गेला, त्यामागे धावून पैसे घालवू नकोस. मग विचारलं, तिसरं यंत्र ज्यांनी घेतलं, ते काय म्हणतात? तो म्हणाला, "ओला कांदा आला की अडकतं म्हणतात. त्यावर एक आयडिया आहे डोक्यात, अजून कोणाला दाखवली नाही."

म्हटलं, आता माझ्यासमोरही बोलू नकोस. आधी कागदावर उतरव, अर्ज कर. आणि त्याच शेतकऱ्याकडे जाऊन विचार, हे करून दिलं तर किती देणार?

परवा त्याचा फोन आला होता. प्रोव्हिजनल अर्ज झालाय. आणि त्या शेतकऱ्याने पाच हजार ॲडव्हान्स दिलाय. मला विचाराल तर दुसरी बातमी जास्त मोठी आहे.

तुमच्या शेडमध्ये, किचनमध्ये, दुकानात अशी कोणती युक्ती पडून आहे? युक्ती इथे लिहू नका बरं का, वर काय सांगितलंय ते आठवा! फक्त एवढंच लिहा की तिच्यासाठी आज पैसे कोण मोजतंय. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.